अंबडला प्रेसशॉपमध्ये सेफ्टी ट्रेनिंग माझ्या गळ्यात पडलंय, सुरुवात कुठून करू?

प्रेस_अंबड:
नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका प्रेसशॉपला (प्रेसमध्ये पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे) मेंटेनन्स बघतो, डिप्लोमा मेकॅनिकल आहे. गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असली कामं. आमच्याकडे सेफ्टीचं बघणारे साहेब होते ते सोडून गेले आणि मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता तूच बघ, कस्टमरचं ऑडिट तोंडावर आलंय, ट्रेनिंगचं रेकॉर्ड लागतं. हाताखाली कोणी नाही, बजेट विचारलं तर हसले.

परिस्थिती अशी की दीडशेच्या आसपास माणूस, निम्म्याहून जास्त ठेकेदाराचे, तीन पाळ्या. थोडी पोरं पेठ सुरगाण्याकडची, बाकी बिहार यूपीची. आधीच्या साहेबांचं एक पीपीटी आहे, सगळं इंग्रजीत, त्यात पांढरं हेल्मेट घातलेला गोरा माणूस आणि आरशासारखी चकचकीत फरशी. रविवारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना एक तास बसवायचं, ते पीपीटी दाखवायचं, समोसा द्यायचा, सह्या घ्यायच्या अशी पद्धत होती. मला प्रश्न पडलाय तो हा की दिवाळीच्या आधी आमच्या एका पोराची दोन बोटं गेली आणि त्या पोराची सही त्या रजिस्टरवर आहे. म्हणजे त्याचं ट्रेनिंग झालेलं होतं. मग आता मी परत तेच करून काय उपयोग? कुणी नीट केलं असेल तर सांगा, विषय कोणते घ्यायचे, किती वेळ, कोण शिकवणार, सगळंच.

जुना_सेफ्टीवाला:
दादा, विषयांची यादी नंतर. आधी मला सांग तुझ्याकडचे प्रेस कुठल्या क्लचचे (फिरत्या चाकाची ताकद रॅमला जोडणारा भाग) आहेत? पिन क्लचचे असतील (नाशिकला छोट्या युनिटात अजून ढिगाने आहेत) तर एकदा पेडल दाबलं की रॅम (पत्र्यावर वरून दाबणारा भाग) खाली जाऊन वर येईपर्यंत मध्ये थांबतच नाही, तू काहीही कर. म्हणून त्यावर लाईट कर्टन (हात आडवा आला की मशिन थांबवणारा उजेडाचा पडदा) लावून उपयोग शून्य, कर्टनने हात बघितला तरी थांबवणार कशाला? न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच असेल तर स्ट्रोकच्या मधेच थांबवता येतो, तिथे कर्टन, टू हँड बटण सगळं कामाचं. मी असे कारखाने बघितलेत जिथे ऑडिटसाठी पिन क्लचच्या प्रेसवर कर्टन बसवलं होतं, लाल दिवा लागायचा फक्त.

हे आधी यासाठी सांगतोय की ट्रेनिंगमध्ये तू काय शिकवणार हे मशिनवर अवलंबून आहे. पिन क्लचवर फिक्स गार्ड पाहिजे, म्हणजे पत्रा जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट, नाहीतर स्लाईड फीड, नाहीतर निदान मॅग्नेटची काठी किंवा चिमटा. गार्ड नसलेल्या प्रेसवर उभ्या असलेल्या पोराला "हात घालू नको" हे शिकवणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे रे, पाळीला हजारो वेळा पार्ट ठेवायचा आणि काढायचा, एकदा तरी लक्ष चुकणारच, माणूस आहे तो. तुझ्या त्या पोराची बोटं कुठल्या प्रेसवर गेली, गार्ड होतं का, डबल मारला का, हे कुणी शोधलं? क्लचची की झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक ढिला झाला की प्रेस एका पेडलला दोन स्ट्रोक मारतो आणि पोरगं पहिल्यानंतर हात घालतं. हे तू मेंटेनन्सचा असल्यामुळे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

म्हणून माझा क्रम: सगळे प्रेस फिरून वहीत लिही, क्लच कुठला, गार्ड आहे का, पेडलला कव्हर आहे का (नसेल तर वरून पार्ट पडला तरी स्ट्रोक लागतो). मग पहिलं ट्रेनिंग सेटरना, ऑपरेटरना नाही. डाय (पार्टचा साचा) बसवणारा माणूस गार्ड काढतो आणि गार्ड परत लावणं त्याच्याच हातात असतं. सेटरला एवढंच पक्कं करायचं की मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाला असं नाही, फ्लायव्हीलचं जड चाक फिरत असतं, ते पूर्ण थांबल्यावर रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवायचा, मेनला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्या खिशात, मगच डायमध्ये हात.

एचआरवाली_सातपूर:
वरच्या काकांचं मशिनचं बरोबर आहे त्यात मी पडत नाही. मी कागदाचं सांगते कारण ऑडिट तोंडावर आहे.

ठेकेदाराची माणसं आपली नाहीत असं तुमचे मालक म्हणत असतील तर (सगळेच म्हणतात) त्यांना जुन्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ मधली कामगाराची व्याख्या दाखवा, ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही त्यात यायचा, मुख्य मालकाला माहीत असो वा नसो असं स्पष्ट लिहिलं होतं. ट्रेनिंग मिळणं हा कामगाराचा हक्क आहे हे भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीत कलम १११अ म्हणून आलं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी ओएसएच कोड (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य याचा नवा कायदा) लागू झालाय, त्यातही माहिती, सूचना आणि ट्रेनिंग देणं हे मालकाच्या कर्तव्यात आहे. सेफ्टी ऑफिसरची मर्यादा हजार कामगारांवरून पाचशेवर आलीय, धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशे. तुमच्याकडे दीडशे म्हणजे ऑफिसर ठेवायची सक्ती नाही, पण कर्तव्य सुटत नाही. म्हणूनच ते तुमच्या गळ्यात आलंय :)

दुसरं म्हणजे रविवार. सुट्टीच्या दिवशी बोलावून ट्रेनिंग घेत असाल तर त्याचे पैसे देता का? नसाल देत तर लोक मनातून शिव्या देत बसतात आणि समोसा खाऊन जातात. पगारी वेळेत घ्या. आमच्याकडे पाळी बदलताना १५ मिनिटं घेतो, जाणारी पाळी दहा मिनिटं आधी मशिन बंद करते, येणारी पाच मिनिटं लवकर. प्रॉडक्शनवाले पहिल्या आठवड्यात बोंबलले, मग सवय झाली. आणि मशिन बंद असतानाच घ्या, कारण प्रेसशॉपमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असतो, तिथे ओरडून शिकवलेलं फक्त पहिल्या रांगेला ऐकू जातं.

रेकॉर्डसाठी सहीच्या शेजारी एक रकाना वाढवा, "करून दाखवलं" असा. माणसाने पेडल लॉक करून दाखवलं, इमर्जन्सी दाबून दाखवली, चिमट्याने पार्ट काढून दाखवला, मग सुपरवायझर तिथे टिक करणार. नुसती हजेरी बघून ऑडिटर पुढे जाईल पण हा रकाना बघितला की तो थांबून वाचतो, अनुभव आहे.

ठोकताळा:
सगळे शहाणे झालेत इथे. माझा वीस माणसांचा शॉप आहे आणि मी सांगतो की कामगारच बेशिस्त असतो. गार्ड लावलं की तासाभरात काढून कोपऱ्यात ठेवतात, गॉगल कपाळावर, सेफ्टी शू घरी लेकाला. दंड लावा, दोनशे रुपये, सरळ होतात. ट्रेनिंग बिनिंग ऑडिटसाठी ठीक आहे.

तिसरी_पाळी:
ठोकताळा शेठ, मी ऑपरेटर आहे म्हणून बोलतो, राग मानू नका. गार्ड का काढतो ते विचारलं का कधी? आमच्याकडे एका प्रेसला गार्ड होतं पण त्यातून पार्ट अडकायचा, बर (कापलेल्या पत्र्याच्या कडेला उरलेली धार) आला की हाताने उपसावं लागायचं, आणि टार्गेट होतं गार्ड नसतानाच्या हिशोबाचं. टार्गेट भरलं नाही तर सुपरवायझर आईबहिणीवरून. मग तोच सुपरवायझर रात्री येऊन म्हणतो काढ रे ते, सकाळी साहेब यायच्या आधी लाव. आता दंड कुणाला लावणार? माझ्या पगारातून दोनशे कापले तर मी गार्ड लावीन का नियर मिस सांगायचं बंद करीन? सगळे गप्प बसतात मग, बोट थोडक्यात वाचलं तरी कुणी बोलत नाही.

हातमोज्यांचं पण बोलतो. ट्रेनिंगला येणारे साहेब सांगतात नेहमी ग्लोव्हज घाला ग्लोव्हज घाला. पत्रा उचलताना बरोबर आहे, कडा कापतात. पण बाजूलाच ड्रिल मशिन आहे, त्यावर ग्लोव्हज घालून काम केलं तर कापड चकमध्ये गुंडाळून आख्खा हात ओढला जातो. हे ज्या साहेबाला माहीत नाही त्याने आम्हाला काय शिकवायचं. त्यापेक्षा आमच्यातलाच एखादा जुना माणूस उभा करा, तो पाच मिनिटात सांगेल कुठलं मशिन काय खोड्या करतं. भाषेचा पण प्रश्न सुटतो, आमच्या लाईनला एक बिहारच्या छपरा गावचा पोरगा आहे तो भोजपुरीत असं समजावतो की सगळी पोरं ऐकतात, हसतात पण.

जुना_सेफ्टीवाला:
तिसरी पाळीने लाख मोलाचं सांगितलं. मी सेफ्टीची नोकरी आयुष्यभर केली, ४ मार्चला बॅज लावले, शपथा घेतल्या (राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली म्हणून तो दिवस), पोस्टर स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा सगळं केलं. पण गार्ड काढायला सांगणारा सुपरवायझर जोपर्यंत ट्रेनिंगला बसत नाही तोपर्यंत बाकीच्यांना शिकवलेलं रात्रीच्या पाळीत विरघळून जातं. अंबडवाल्या दादा, सुपरवायझरच्या सेशनला मालकांना पण बसव, दहा मिनिटं तरी. त्यांच्या तोंडून एकच वाक्य पाहिजे की गार्ड लावून जेवढे पार्ट निघतील तेच टार्गेट. ते बोलले की मग तू गार्डसह प्रेस अर्धा तास चालवून खरे पार्ट मोज आणि तो आकडा बोर्डवर लिही. पुष्कळदा फरक वाटतो त्यापेक्षा खूप कमी निघतो.

वाईनरीवाला_दिंडोरी:
आमचं क्षेत्र वेगळं आहे पण एक गोष्ट कामाला येईल. आमच्याकडे क्रशिंगचा सीझन जानेवारी ते मार्चच्या आसपास, तेव्हा दरवर्षी नवीन मजूर येतात. फर्मेंटेशनमध्ये कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी बसतो, वास नाही रंग नाही. टाकी धुवायला उतरलेला माणूस आडवा होतो आणि त्याला काढायला दुसरा उडी मारतो तोही जातो. हे पीपीटीत सांगून डोक्यात बसत नाही, कारण समोरचा माणूस बेशुद्ध दिसला की हात आपोआप पुढे जातो. म्हणून आम्ही प्रत्यक्ष करून घेतो. नवीन माणसाला गॅस मीटर हातात देतो, दोरीला बांधून टाकीत सोडायला लावतो, ऑक्सिजन बाहेर २०.९ दाखवतो आणि खाली जाता जाता आकडा उतरतो, मीटर बोंब मारायला लागतो, सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. १९.५ च्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही, मालक आला तरी. आणि एकजण मुद्दाम "पडल्याचं" नाटक करतो आणि बाकीच्यांनी आत न जाता ट्रायपॉडने ओढून काढायचं. जो आत पाय टाकेल त्याला परत पहिल्यापासून.

आमचा नियम असा की हे करून दाखवल्याशिवाय हाताला पट्टी नाही, आणि पट्टी नसलेला माणूस टाकीच्या ओट्यावर दिसला तर काम थांबतं. तुमच्याकडे प्रेसचं तसं करता येईल, कुठल्या प्रेसवर कोण उभा राहू शकतो हे लांबून दिसलं पाहिजे.

एचआरवाली_सातपूर:
हे पट्टीचं आवडलं, आमच्याकडे आयकार्डावर रंगीत टिकल्या लावतो, तसंच.

वेळापत्रकाचं राहिलं. लोक जानेवारीत बसून वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर करतात, पहिल्या सोमवारी फायर, दुसऱ्या सोमवारी पीपीई (हेल्मेट, गॉगल, शू वगैरे), असं. तुमच्याकडे माणसं कधी बदलतात त्यावर लावा. पेठ सुरगाण्याची पोरं भातलावणीला गावी जातात आणि परत येताना निम्मे चेहरे वेगळे असतात. बिहारची होळीला आणि छठला जातात. त्या तीन वेळी इंडक्शनची तयारी ठेवा, ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा की नवीन माणूस पहिल्या दिवशी प्रेसवर जाणार नाही, पॅकिंग किंवा सॉर्टिंगला जाईल. ठेकेदार कुरकुर करेल, ऐकू नका. आणि पाळी बदलून आलेला किंवा एका प्रेसवरून दुसऱ्यावर टाकलेला माणूस पण नवीनच धरा, हे कुणी धरत नाही.

अजून एक, प्रथमोपचार. तुमच्या पेटीत काय आहे ते उघडून बघा, बहुतेक एक्स्पायरी झालेलं मलम असेल. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं, हात वर, आणि तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर ठेवायचं नाही, मांस खराब होतं. हे प्रत्येक पाळीत चार जणांना तरी यायला पाहिजे आणि रात्री गाडी कोण काढणार हे नावासकट ठरलेलं पाहिजे.

प्रेस_अंबड:
सगळ्यांचे आभार, खरंच. काकांनी सांगितलं तसं फिरून वही केली. छोटे सी टाईप (सी आकाराच्या फ्रेमचे) प्रेस जेवढे आहेत ते सगळे पिन क्लचचेच निघाले, मोठे दोन न्यूमॅटिक. ज्याच्यावर त्या पोराची बोटं गेली तो प्रेस उघडला, क्लचची स्प्रिंग बदललेली दिसतेय पण कधी आणि कुणी त्याची नोंद नाही, ब्रेकचं लायनिंग पार गेलंय. म्हणजे डबल मारला असणार असा माझा अंदाज. तो प्रेस मी बंद करून कुलूप लावलंय, प्रॉडक्शनवाले माझ्याशी बोलत नाहीयेत.

मालकांना आकड्यांचं सांगितलं. एका प्रेसवर गार्ड लावून मोजायला हो म्हणाले, बाकीचं ऑडिटनंतर बघू म्हणाले. आता अडचण अशी आहे की गार्ड सगळीकडे यायला वेळ लागणार आणि तोपर्यंत रात्रपाळी तशीच चालणार. या मधल्या काळात मी ट्रेनिंगमध्ये काय घेऊ? आणि अपघाताचे फोटो दाखवावेत का, एकजण म्हणतो दाखव, धाक बसतो.

तिसरी_पाळी:
फोटो नका दाखवू. आम्ही खरे बघितलेत, ते आठवून रात्री प्रेसवर उभं राहायला भीती वाटते आणि घाबरलेला माणूस जास्त चुकतो. त्यापेक्षा तुमच्याच प्रेसचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, पेडल एकदा दाबलं आणि स्ट्रोक दोनदा आला असा, हात न घालता, एक लाकडाचा तुकडा ठेवून दाखवा काय होतं. ग्रुपवर टाका, पोरं आपोआप बघतात.

जुना_सेफ्टीवाला:
मधल्या काळासाठी चार गोष्टी घे, जास्त नको. पाळी सुरू होताना ऑपरेटरने डाय रिकामी ठेवून थोडे स्ट्रोक मारून बघायचे, रॅम दर वेळी वरच थांबतोय का, खाली सरकतोय का. जरा जरी शंका आली तर प्रेसला लाल टॅग आणि तुला फोन, रात्री दोनला पण, आणि तू फोन उचलायचास. दुसरं, गार्ड नसलेल्या प्रेसवर मॅग्नेट काठी किंवा चिमटा सक्तीचा, पण तो चिमटा त्या पार्टला बसेल असा बनवून दे, नाहीतर बाजूला पडून राहील, तुझ्या टूलरूममध्ये तासाभराचं काम आहे. तिसरं, पार्ट काढताना पाय पेडलवरून खाली, ही सवय लावून घ्यायला सेटरला पहिले दोन तास बाजूला उभा कर. चौथं, रात्री बाराच्या पुढे ओव्हरटाईमवाला माणूस पिन क्लचवर नको, त्याला सॉर्टिंगला टाक.

आणि बंद केलेल्या प्रेसचं सांगतो. मालकांनी तोंडी चालू करायला सांगितलं तर लेखी माग, नम्रपणे, व्हॉट्सॲपवर चालेल. "साहेब, ब्रेक लायनिंग गेलंय, डबल स्ट्रोकचा धोका आहे, तरी चालू करू का" एवढंच लिहायचं. हो असं उत्तर लिहून देणारा मालक मी अजून बघितला नाही.

प्रेस_अंबड:
मेसेज टाकला काका. लायनिंगची ऑर्डर दिली म्हणून उत्तर आलंय. चिमट्याचं उद्या टूलरूमला घेतो, ताईंचा तो करून दाखवलंचा रकाना पण छापून घेतला, हिंदीत आणि मराठीत दोन्ही. सुपरवायझरांचं सेशन शुक्रवारी ठेवलंय, मालक येतो म्हणालेत, बघू.

एचआरवाली_सातपूर:
शुक्रवारी सेशन प्रेसच्या बाजूला घ्या, केबिनमध्ये नको, एसी लावला की मालक फोन घेतात.